हरिहरपंतांचा पाव

…वास घेतेस का? घे, घे, लाजू नकोस — नाक आत ओढलंस ते दिसलं मला. आंबलेल्या कणकेचा वास आहे तो, दुसरा कसला नाही. त्या कोनाड्यात ओल्या फडक्याखाली झाकून ठेवलंय ना, त्याचा. कल्याणला तुला काय सांगून ठेवलं असेल ते ठाऊक आहे मला — पहिली बायको ताडी पीत असे, म्हणून टाकली. हो ना? बघ, मान खाली गेली. बस गं, भुईवर नको, त्या पाटावर बस. सोवळ्याओवळ्याचं मनात आणू नकोस, माझ्याकडे यायचं म्हणून घरातून निघालीस तेव्हाच ते सुटलं. आणि मी काही तुझ्यावर रागावलेली नाही. सवत दारात उभी राहील आणि मी तिला पाट देईन, असं काल मला कोणी सांगितलं असतं तर — जाऊ दे.

नाव काय म्हणालीस? सुमती? सुमती तर मी होते. लग्नात तांदळात अंगठीने तेच लिहिलं होतं हरिहरपंतांनी. तुलाही तेच ठेवलं का? शोभतं त्यांना. जिभेला नव्या नावाची सवय करायचा तेवढा त्रास वाचला. माहेरचं सांग. हेमा — बरं आहे, मी हेमाच म्हणेन तुला. मला गोदाताई म्हण, इथे खोपट गावात सगळे तसंच म्हणतात. आणि मी त्यांचं नाव घेते म्हणून दचकू नकोस. बाईने नाव घेतलं की नवऱ्याचं आयुष्य कमी होतं म्हणतात — मी इतकी वर्षं घेतेय आणि त्यांना सर्दीपडसंही झाल्याचं ऐकलं नव्हतं. आता झालं म्हणतेस. संग्रहणीच ना पुन्हा? भात पोटात राहत नाही, भाकरीचा घास घशाखाली उतरत नाही, डोळे खोल गेले, कचेरीत जाणं सुटलं — आणि डॉक्टरने सांगितलं असेल, पाव भाजून दुधात कुस्करून द्या, दुसरं काही देऊ नका. तू सांगायची गरज नाही. मला ते पाठ आहे.

तेव्हा आम्ही ठाण्यातच होतो, चरईत. हे कलेक्टर कचेरीत कारकून. घरात मी, हे आणि त्यांची धाकटी बहीण — तुझी नणंद गं, आता ती लेकुरवाळी झाली असेल. तर असंच दुखणं आलं. वैद्य झाले, काढे झाले, अंगारे झाले, शेवटी सरकारी इस्पितळातला साहेब डॉक्टर म्हणाला, पाव द्या, नाहीतर माणूस जाईल. आता बाजारचा पाव आणायचा कसा? तो करतो कोण, मळतो कोण, त्यात ताडी घालतात — आख्ख्या आळीला ठाऊक. कोणाच्या घरात पावाचा तुकडा दिसला तर पाणी बंद व्हायचं त्याचं. मी म्हटलं, मरू दे आळी, मी आणवते. तर यांनीच हात धरला माझा. म्हणाले, बाजारचा नको, घरी कर; घरात केलं ते घरात राहतं. कोणाचा विचार होता तो, ऐकलंस ना? त्यांचा. मला तर पाव कशाशी खातात तेही माहीत नव्हतं.

मग सखुबाई. ही जागा तिचीच, मागे शेत दिसतंय ते तिचं, मिठागरंही होती त्यांची खाडीकडे. तेव्हा ती दारावर भाजी घेऊन यायची. साहेबाच्या बंगल्यावरही जायची, तिथल्या खानसाम्याला विचारून तिने मला सगळं आणून दिलं — तोंडी गं, म्हणजे हातवारे करून. गव्हाचं पीठ फडक्यातून गाळायचं, सकाळची ताडी घालून मळायचं, उबेला ठेवायचं, दुप्पट झालं की भाजायचं. ताडी ती माठाच्या जुड्यांखाली लोटक्यातून आणायची. पहिल्यांदा लोटकं हातात घेतलं तेव्हा आंघोळ केली मी नंतर. हसू नकोस — बरं, हस. आमच्याकडे भट्टी कुठली? जाड बुडाचं पातेलं, खाली वाळू, वर केळीच्या पानावर गोळा, झाकणावर निखारे. पहिले पाव म्हणजे विटा. ते विहिरीमागे पुरले. मग एकदा झाकण काढलं, तर पातेलंभर फुगून वर आलेला, बोटाने दाबला की बोटामागोमाग परत वर यायचा. कुस्करून दुधात दिला. पोटात राहिला. दुसऱ्या दिवशीही राहिला. पंधरवड्यात हे भिंत धरून ओटीपर्यंत चालत गेले. परत येऊन माझ्याजवळ बसले आणि म्हणाले, "सुमती, तू मला मागे आणलंस." हे असं म्हणाले. नवऱ्याने बायकोला भर दिवसा नावाने हाक मारायची म्हणजे — तुला मारतात? नाही ना. तीच एकदा.

आता तू म्हणशील, मग अडलं कुठे. अडलं ताडीवर. त्याच सुमाराला सरकारने ताडांवर कर वाढवला, झाडागणिक — झाडांना आकडे घातले, छेद द्यायचा तर आधी परवाना. ताडी काढणाऱ्या भंडाऱ्यांनी पोटावर पाय आला म्हणून झाडं सोडली. इथून खाडीपर्यंत ताड नुसते उभे, एकाला मडकं नाही. जी काय थोडी निघे ती मक्तेदाराच्या दुकानात, बाजारात, रस्त्यावर. सखुबाई एक दिवस रिकामीच आली. "बाय, तारांवं सरकारान कर बसवलाय, आता थेंब नाय भेटाचा," म्हणाली आणि भाजी न विकताच गेली बिचारी, जणू तिचाच अपराध. मी काय काय नाही केलं. आंबट ताक घालून पाहिलं — पाव बसला. पेज आंबवली — वास सुटला नुसता. बटाटे उकडून कुस्करले, त्यात गूळ घालून चुलीमागे ठेवले, तर मुंग्या. हरभऱ्याच्या डाळीचं पाणी उबेला ठेवलं, ते एकदा जमलं, दोनदा बिघडलं. मग ध्यानात आलं की आपण दुधाला विरजण लावतो ते कुठे रोज विकत आणतो? मग कालच्या कणकेतला गोळा आज काढून ठेवायचा, उद्या त्याला पीठ-पाणी द्यायचं, की झालं. ताडीचा शेवटचा गाळ लावून गोळा केला आणि तो पाळला. पाळला म्हणजे अगदी मुलासारखा. मूल नव्हतं घरात, म्हणून असेल. उन्हाळा झाला की ओलं फडकं, थंडी पडली की चुलीजवळ. हे कचेरीतून आले की आधी विचारायचे, जिवंत आहे ना?

हो, कचेरीतून. तेव्हा ते बरे झाले होते. कधीच बरे झाले होते. हे मी — हे मी कोणाला सांगत नाही सहसा. आजार गेला पण पाव गेला नाही. चहाबरोबर पाव हवा, लोणी लावून. भाकरी केली की ताट सरकवायचे. मलाही कुठे नको होतं? माणूस आपल्या हातचं मागून खातो, एवढं सुख पुरे होतं मला.

मग श्रावणात हवा कुंद झाली आणि गोळ्यावर बुरशी आली, काळी, केसाळ. खरवडून पाहिलं, आत गुलाबी तार सुटलेली. मेला. पाव बंद. दोन दिवस हे बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी म्हणाले, पोटात पुन्हा दुखायला लागलंय, आता ते दुखणं आलं तर मी उठत नाही. खोटं होतं गं ते. मला दिसत होतं खोटं आहे ते. दुखणाऱ्याचा हात पोटावर कसा जातो ते मी महिनोन्‌महिने पाहिलेलं. पण कुंकवाचा जुगार कोण खेळणार? सखुबाई तेव्हा मिठागरावर होती, निरोप कोणाजवळ द्यायचा कळेना. डोक्यावरून पदर घेतला, लोटकं घेतलं आणि भर सकाळी मक्तेदाराच्या दुकानात मी स्वतः गेले. ब्राह्मणाची बायको. दुकानदाराने लोटकं भरताना मान वर केली नाही, तेवढी लाज त्याला होती. बाहेर आले तर समोरून आमच्या आळीतले श्रीपादशास्त्री पूजेची फुलं घेऊन येत होते.

पुढचं तुला कळलंच असेल. झाडाझडती झाली, पातेलं सापडलं, वाळू सापडली. ब्रह्मवृंद आमच्या ओटीवर बसणार असं ठरलं. त्या दिवशी दुपारी हे स्वैपाकघरात आले. कधी यायचे नाहीत. माझ्यासमोर उकिडवे बसले. म्हणाले, बहिणीचं लग्न ठरलंय, माझ्यावर बहिष्कार पडला तर तिचा जन्म फुकट जाईल. "तू तुझ्यावर घे. बायकांना प्रायश्चित्त थोडक्यात सुटतं. दिवाळीपर्यंत माहेरी राहा, मग मी स्वतः आणायला येतो." हे शब्द. मी हो म्हटलं. जबरदस्ती नाही केली कोणी, हो म्हटलं मी. मला त्यात मोठेपणाच वाटला — आपण दोघं मिळून काही करतोय असं. आपसात ठरलं : मी म्हणायचं, मी यांना न सांगता पाव खाऊ घातला; त्यांनी म्हणायचं, मला भाकरी म्हणून दिली. एवढंच. दोनच वाक्यं.

मी दाराआड उभी. शास्त्र्यांनी मला विचारलं, मी माझं वाक्य म्हटलं. आवाज कापला नाही. मग त्यांना विचारलं, तुम्हाला खाताना कळलं नाही? ते म्हणाले, मला भाकरी म्हणून दिली. झालं, ठरलेलं झालं. मी दाराला टेकले. शास्त्री बरे होते गं, ते म्हणाले, बाईने नवऱ्याच्या जिवासाठी केलं, पंचगव्य देऊ, उपास सांगू, संपवू. संपलं होतं तिथेच. आणि तेवढ्यात हे, कोणी काही विचारलेलं नसताना — हेमा, कोणी विचारलेलं नव्हतं — घसा खाकरून म्हणाले, "ती स्वतःही घेत असावी, असा मला संशय आहे."

ते ठरलेलं नव्हतं.

मी खूप विचार केलाय त्यावर. का म्हणाले असतील? मी वाचत होते, तेही वाचत होते. मग का? कधी वाटतं, पंचगव्य घेऊन मी घरातच राहिले असते, रोज समोर दिसले असते, तर ते खोटं रोज समोर दिसलं असतं. कधी वाटतं, मूल नव्हतं म्हणून निमित्त हवं होतं. कधी वाटतं नुसते घाबरले, आणि घाबरलेला माणूस हाताला लागेल ते फेकतो. कुठलंही असो. मी दाराआडून ओरडून सांगायचं ना, की खोटं आहे? तोंड उघडलंच नाही. अशी जागा असते बघ, तिथे आवाज पोचत नाही. संध्याकाळच्या आत मला बैलगाडीत बसवली. टिटवाळ्याला भाऊ माझा. त्याने दारातूनच विचारलं, खरं का? मी म्हटलं, तुला काय वाटतं? म्हणाला, मला मुली आहेत गोदे. गाडीवाल्याला पाणी दिलं त्याने. मला दिलं नाही असं नाही, दिलं, पण भांडं परत घेतलं नाही, तिथेच ठेव म्हणाला.

परत ठाण्याला आले ती या दारात. सखुबाईने काहीच विचारलं नाही. पडवीत गवताचे भारे होते ते बाहेर काढले आणि घोंगडी टाकली. आधी नुसती पडून होते. मग दिवाळी जवळ आली तसं — काही नाही, असंच, हाताला चाळा म्हणून — पुन्हा गोळा लावला. पातेलं मागून घेतलं, पाव केला. येतील तेव्हा घरात असावा म्हणून. नाही, तसं नाही… म्हणजे तसंच. दिवाळीपर्यंत म्हणाले होते ना. दर दोन दिवसांनी ताजा करायची, शिळा सखुबाईच्या बैलाला. दिवाळी गेली. तुळशीचं लग्न गेलं. मग सखुबाईनेच सांगितलं, कल्याणला बदली झाली त्यांची, आणि मार्गशीर्षात लग्नही झालं. तुझ्याशी. त्या दिवसाचा पाव बैलाला नाही दिला, इथे शेजारी एक म्हातारी आजारी होती, तिला नेऊन दिला. तिच्या पोटात राहिला. मग तिने दुसरीला सांगितलं. आता ज्याला डॉक्टर पाव सांगतो तो माझ्याकडे माणूस पाठवतो, अंधार पडता पडता, कुंपणाच्या बाजूने. श्रीपादशास्त्र्यांची सून बाळंतपणात खंगली तेव्हा त्यांच्या घरूनही आलं माणूस. सगळ्यांना दिला. नाही म्हणावंसं वाटलं नाही. खाणारा तर आजारीच असतो, त्याचा काय दोष?

पण हे आलं नव्हतं मनात, की यांच्यासाठी कोणी येईल.

रडू नकोस. मला कळतं तू का आलीस. ते गेले तर तुझं काय होईल ते तुला दिसतंय. वीस तरी आहेस का? एवढे केस आहेत तुझे — वेणी कंबरेखाली जाते. न्हाव्यापुढे बसवतील, लाल आलवण देतील आणि कोपरा दाखवतील. आणि माझं? माझ्या कपाळावर काय आहे ते बघितलंस का? अजून लावते. टाकलेली असले तरी बायको त्यांचीच, शास्त्राने आपण दोघी एकाच दिवशी विधवा व्हायच्या. त्यांना म्हणून नाही, तुझ्या केसांसाठी म्हणून देईन मी. हा घे, सकाळीच भाजलाय, अजून कोमट आहे. पातळ काप करायचे, निखाऱ्यावर दोन्हीकडून भाजायचे, पिवळे, काळे नाही. दूध उकळून गार केलेलं. आधी तीन-चार घासच. मागतील, जास्त द्यायचा नाही. आणि त्या फडक्यातला गोळा पण बांधून देते, म्हणजे तुला रोज ठाण्याला नको यायला — एक सांग आधी. माझा पत्ता तुला कोणी दिला?

त्यांनीच? म्हणजे त्यांना ठाऊक होतं मी कुठे आहे ते. आणि काय करते तेही. "तिच्या हातचा आण" — असं म्हणाले? बरं. आणि तू कोपिनेश्वराच्या दर्शनाला म्हणून निघालीस, आगगाडीने एकटी, हेही त्यांनीच सांगितलं असेल. आणि कोणी विचारलं तर? कल्याण स्टेशनावर कोणी ओळखीचं भेटलं, पिशवी उघडली, तर काय सांगायचं म्हणाले? हेमा, माझ्याकडे बघ. काय सांगायचं म्हणाले?

मोठ्याने बोल.

"मीच आपल्या मनाने गेले म्हण."

हं.

नाही, काही झालं नाही मला. जरा थांब. पाणी पी तू.

ऐक आता. पाव घेऊन जा. गोळा देणार नाही. नाही म्हणते ना — हात सोड. गोळा तुझ्या चुलीमागे असला की तो तुझा होतो, माझा नाही, त्यांचा तर नाहीच. आज ना उद्या कोणाला तरी वास येईल, ओटीवर माणसं बसतील, आणि तुझ्याजवळ तर दाराआड उभं राहायला दोन वाक्यंही ठरलेली नसतील. त्यांना सांग, गोदा म्हणाली : उद्यापासून रोज ताजा पाव देईन, त्यांना ताकद येईपर्यंत, एक दिवस चुकवणार नाही. पण न्यायला कचेरीचा शिपाई पाठवायचा, पट्टा लावून, दिवसाउजेडी, आणि त्याने या रस्त्यावर विचारायचं — हरिहरपंतांसाठी पाव कुठे मिळतो? लोकांनी ऐकलं पाहिजे. बायकोला पाठवायचं नाही. पुन्हा तू आलीस तर मी दार उघडणार नाही.

काय? नाही पाठवला तर? तर नाही पाठवला. ते त्यांच्या हातात आहे, माझ्या नाही, आणि तुझ्या तर मुळीच नाही. आणि तसंच काही वाईट झालं, तर मात्र ये. केस असोत, नसोत, इथे ये. घोंगडी आहे. कणीक मळायला मला हात कमी पडतात.

ऊठ. गाडीची वेळ झाली. पाया नको पडूस गं — जा म्हटलं ना. आणि पिशवीवरचा पदर काढ. पाव आहे तो. दिसू दे.